गोळ्या त्याच, मात्रा तीच. मग दादांना गुंगी कशाची?

सांगली जिल्ह्यातील एका वाचक भगिनींनी पाठवलेल्या पत्राचा सारांश असा आहे. त्यांच्या एक्केचाळीस वर्षांच्या थोरल्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. दुसऱ्या औषधांनी गुण येईना म्हणून सहा वर्षांपूर्वी क्लोझापिन सुरू झाले. त्यानंतर ते घरात बोलू लागले आणि पिठाच्या गिरणीवर कामाला जाऊ लागले. गेल्या पावसाळ्यात न्यूमोनियामुळे त्यांना आठवडाभर रुग्णालयात ठेवावे लागले आणि तेव्हापासून रोज दोन बंडले ओढली जाणारी विडी पूर्ण सुटली. गोळ्यांत काहीही बदल झाला नाही. तरीही घरी आल्यावर दुसऱ्या आठवड्यात त्यांची उशी लाळेने भिजू लागली, ते दुपारपर्यंत झोपू लागले, बोलणे जड झाले, हाताला मध्येच झटका बसून चहा सांडू लागला आणि एकदा पलंगावरून उठताना ते पडले. नुकत्याच केलेल्या रक्ततपासणीचा अहवाल चांगला होता, म्हणून कोणी काळजी केली नाही. मग एका रात्री आईने आठ वाजता गोळ्या दिल्या आणि ते ठाऊक नसल्याने बहिणीने दहा वाजता पुन्हा दिल्या. ‘झाल्या माझ्या गोळ्या,’ असे दादा म्हणाले होते, पण ते विसरतात म्हणून कोणी मनावर घेतले नाही. मध्यरात्रीनंतर हाका मारूनही ते उठेनात, घशातून घरघर येत होती. काका म्हणाले, ‘शांत झोपलाय, झोपू दे.’ शेजारच्यांनी मिठाचे पाणी पाजून उलटी करवायला सांगितले. पोलीस केस होईल या भीतीने रुग्णालयात कोणी नेले नाही. सकाळी ते भांबावलेल्या अवस्थेत जागे झाले आणि दिवसभरात सावरले. आता चुलत भावंडे म्हणतात की हे विष बंद करा, आई म्हणते की आहे तसेच चालू ठेवा. डॉक्टरांची भेट तीन आठवड्यांनी आहे. ‘ती विषबाधाच होती का? पुढे ओळखायची कशी? गोळ्या द्यायच्या की थांबवायच्या? आणि माझ्याच हातून हे घडले, त्याचे काय करू?’ असे त्यांनी विचारले आहे.

ताई,

पत्रावरून निदान करता येत नाही आणि करूही नये. पण तुम्ही वर्णन केलेली लक्षणे इतकी नेमकी आहेत की मी आडपडदा न ठेवता सांगतो: होय, त्या रात्री तुमच्या दादांना औषधाची विषबाधा झाली असण्याची दाट शक्यता आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती त्या रात्री सुरू झाली नसावी. आधीचे दोन आठवडे ती हळूहळू चढत होती आणि दुसऱ्यांदा दिलेल्या गोळ्यांनी फक्त टोक गाठले. म्हणून तीन आठवड्यांनंतरच्या भेटीची वाट पाहू नका. हे उत्तर वाचून झाल्यावर लगेच तुमच्या मनोविकारतज्ज्ञांना फोन करा आणि ‘विडी सुटली आहे, लाळ आणि गुंगी वाढली आहे, हातांना झटके येतात’ ही तीन वाक्ये आधी सांगा. झटके आणि गुंगी आजही असतील आणि डॉक्टर भेटत नसतील, तर दादांना आजच रुग्णालयात दाखवा.

तुमच्या पत्रात एक समजूत न बोलता गृहीत धरलेली आहे आणि ती बहुतेक घरांत असते: विषबाधा म्हणजे कोणीतरी एकाच वेळी मूठभर गोळ्या गिळणे, आणि मात्रा डॉक्टरांनी ठरवली तीच असेल तर धोका नाही. प्रत्यक्षात मात्रा डॉक्टरांनी एका विशिष्ट शरीरासाठी ठरवलेली असते, आणि ते शरीर बदलले की तीच मात्रा जास्त होऊ शकते. क्लोझापिनचा निचरा मुख्यतः यकृतातील एका विकरामार्फत, म्हणजे एन्झाइममार्फत होतो. विडी-सिगारेटच्या धुरातील काही रसायने या विकराचे काम वाढवतात, त्यामुळे धूम्रपान करणाऱ्या माणसाच्या शरीरातून औषध लवकर बाहेर पडते आणि त्याला मात्राही जास्त लागते. विडी थांबली की साधारण आठवडाभरात विकराचे काम मूळ पातळीवर येते. टाकीत येणारे पाणी तेवढेच राहावे आणि बाहेर जाणारी तोटी अर्धी बंद व्हावी, तसे हे होते. रक्तातील औषधाची पातळी अनेकांमध्ये दीडपटीच्या आसपास जाते, काहींमध्ये त्याहून अधिक वाढते. मनोविकारावरच्या याच गटातील ओलान्झापिन या औषधाच्या बाबतीतही हे काही प्रमाणात घडते. शिवाय न्यूमोनियासारखा जंतुसंसर्ग अंगात असताना क्लोझापिनची पातळी आपोआप वर जाते. तुमच्या दादांच्या बाबतीत ही दोन्ही कारणे एकाच आठवड्यात एकत्र आली. विडी सुटल्याचा सगळ्यांना आनंद झाला, तो रास्तच होता. त्या आनंदात औषधाचा विचार कोणाच्या मनात आला नाही, कारण विडीचा आणि गोळीचा संबंध तुम्हाला कोणी समजावून सांगितलेलाच नव्हता.

इथे एक खुलासा हवा. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही. त्यामुळे तंबाखू मळून खाणाऱ्याने किंवा मिश्री लावणाऱ्याने ती सवय सोडली, तर क्लोझापिनच्या पातळीत असा बदल होत नाही. विडीची तलफ भागवायला डॉक्टर निकोटिनचे च्युइंग गम देतात, त्यानेही पातळी उतरत नाही. मात्र जुलाबासाठी किंवा लघवीच्या संसर्गासाठी सर्रास दिले जाणारे सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक त्याच विकराला रोखते आणि क्लोझापिनची पातळी बरीच वाढवू शकते. गावातल्या डॉक्टरांकडे कोणत्याही किरकोळ आजारासाठी जाताना क्लोझापिनची स्ट्रिप सोबत न्यायची, ती यासाठी.

रक्ताच्या चांगल्या अहवालाने तुम्हाला जो धीर दिला, तोही तपासून पाहू. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये क्लोझापिन घेणाऱ्या काही रुग्णांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटल्या आणि त्यांतले काही दगावले. तेव्हापासून या औषधासोबत नियमित रक्ततपासणी करण्याची शिस्त आली. ही तपासणी अत्यावश्यक आहे, पण ती पांढऱ्या पेशी मोजते. रक्तात औषध किती साचले आहे, हे त्या अहवालातून कळत नाही. त्यासाठी पातळीची वेगळी चाचणी असते आणि ती मोठ्या शहरांतील प्रयोगशाळांमार्फत होऊ शकते. ती लगेच होत नसेल तरी अडून राहण्याचे कारण नाही, कारण अनुभवी डॉक्टर लक्षणांवरूनच मात्रेचा निर्णय घेऊ शकतात.

आता त्या दोन आठवड्यांतील चिन्हांकडे पाहू. क्लोझापिन घेणाऱ्या अनेकांना रात्री थोडी लाळ येते, सकाळी सुस्ती असते. म्हणून ‘लाळ येते का’ हा प्रश्न पुरेसा नाही. नेहमीपेक्षा किती बदल झाला, हे विचारायचे. पूर्वी आठ वाजता उठणारा माणूस बारापर्यंत झोपतो, उशीचा अभ्रा रोज बदलावा लागतो, शब्द दारू प्यायल्यासारखे घरंगळतात, चालताना झोकांड्या जातात, उठून उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते: हा बदल मोजायला यंत्र लागत नाही, रोज सोबत राहणारे माणूस लागते. यांपैकी हाताला अचानक बसणारा झटका मला सर्वांत चिंताजनक वाटतो, कारण क्लोझापिनची पातळी वाढत जाते तसा आकडी येण्याचा धोका वाढतो आणि असे सुटे झटके काही वेळा तिची पूर्वसूचना असतात. आकडी आलीच तर कांदा, चप्पल, किल्ली यांपैकी काहीही हुंगवू नका आणि तोंडात काही घालू नका. आजूबाजूच्या वस्तू बाजूला करा, झटके थांबताच कुशीवर वळवा आणि रुग्णवाहिका बोलवा. आणखी एक चिन्ह पत्रात नाही, म्हणून विचारतो: दादांना शौचाला रोज होते का? क्लोझापिनमुळे आतड्यांची हालचाल मंदावते. पोट फुगणे, पोटात दुखणे, उलट्या होणे आणि तीन-चार दिवस शौचाला न होणे ही तक्रार या औषधावर असलेल्या माणसात किरकोळ मानू नये, कारण आतडे बंद पडून प्राणावर बेतू शकते.

त्या रात्रीबद्दल मात्र मला अधिक सविस्तर बोलायचे आहे. काकांचे ‘शांत झोपलाय’ हे वाक्य प्रेमातून आलेले होते आणि अनेक वर्षे भावाची तळमळ पाहिलेल्या घरात झोप हेच सुख वाटते, हे मी समजू शकतो. पण झोप आणि बेशुद्धी यांत फरक करता आलाच पाहिजे. मोठ्याने नावाने हाक मारा आणि खांदा जोराने दाबा. झोपलेला माणूस डोळे उघडतो, कुरकुरतो, आपला हात बाजूला सारतो. जो डोळे उघडून लगेच पुन्हा हरवतो, किंवा नुसता कण्हतो, किंवा काहीच करत नाही, तो झोपलेला नाही. मग छातीकडे बघून घड्याळावर एक मिनिट श्वास मोजा. मिनिटाला दहापेक्षा कमी श्वास, श्वासांमध्ये लांब खंड, ओठ किंवा नखे निळसर होणे आणि तुम्ही ऐकलेली ती घरघर, यांपैकी काहीही आढळले की क्षणाचाही विलंब न लावता रुग्णवाहिका बोलवा. घरघर म्हणजे लाळ किंवा सैल पडलेली जीभ श्वासमार्गात अडथळा करते आहे. गुंगीतील माणसाच्या घशातली लाळ किंवा उलटी फुफ्फुसात उतरते आणि औषधाने नाही तरी त्याने जीव जाऊ शकतो. ज्यांचा न्यूमोनिया नुकताच बरा झाला आहे, त्यांच्यासाठी तर हा धोका अधिकच गंभीर आहे.

म्हणूनच शेजाऱ्यांचे ऐकले नाही, हे तुम्ही फार चांगले केले. गुंगीत असलेल्याला मिठाचे पाणी, ताक, लिंबू, काहीही पाजायचे नाही आणि घशात बोटे घालून उलटी करवायची नाही. डाव्या कुशीवर वळवायचे, तोंड किंचित खाली झुकलेले ठेवायचे, दिसेल ती लाळ कपड्याने पुसायची आणि १०८ ला फोन करायचा. सोबत गोळ्यांच्या सगळ्या स्ट्रिप न्यायच्या, रिकाम्यासुद्धा, आणि शेवटची गोळी किती वाजता, किती मिलिग्रॅमची दिली गेली, ते सांगायचे. दुप्पट मात्रा गेल्याचे लगेच लक्षात आले आणि माणूस पूर्ण जागा दिसत असला, तरीही लक्षणांची वाट पाहत बसू नये, कारण ती काही तासांनी उमटू शकतात. डॉक्टरांना तेव्हाच विचारावे. दिल्लीच्या एम्स रुग्णालयातील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा निःशुल्क क्रमांकही घरात लिहून ठेवावा.

रुग्णालयात काय करतात, हे ठाऊक असले की जायची भीती कमी होते. या औषधांवर नेमका उतारा असा नाही. श्वासमार्ग मोकळा ठेवतात, सलाइन देऊन घसरलेला रक्तदाब सावरतात, हृदयाचा आलेख (ईसीजी) काढतात. या गटातील अनेक औषधे हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतात आणि ते बाहेरून दिसत नाही, म्हणून हा आलेख महत्त्वाचा. गोळ्या घेऊन तासाभराच्या आत पोहोचले आणि रुग्ण शुद्धीत असला तर औषध शोषून घेणारा कोळसा कधी कधी देतात. मग निदान सहा तास, क्लोझापिन असेल तर बहुधा त्याहून जास्त, नजरेखाली ठेवतात. वेळेत पोहोचलेले बहुसंख्य रुग्ण एवढ्याने बरे होतात.

पोलिसांविषयीची भीती तुमच्या एकट्या घरातली नाही. विषबाधेचा रुग्ण आला की रुग्णालय त्याची वैद्यकीय-कायदेशीर नोंद करते, हे खरे आहे. पण ती नोंद म्हणजे घरच्यांवरचा आरोप नव्हे. चुकून दोनदा औषध दिले गेले, हे सरळ सांगावे. कायदेशीर सोपस्कारांसाठी तातडीचे उपचार अडवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केले आहे. ज्या घरांत गोळ्या जाणूनबुजून घेतल्याची शंका आहे, त्यांनीही लपवू नये: २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर येते. अशी शंका असेल तर त्या व्यक्तीला थेट आणि मायेने विचारावे. विचारल्याने तो विचार तिच्या मनात येत नाही, उलट बोलायला वाट मिळते. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

आता तुमच्या घरातला वाद. चुलत भावंडे एका टोकाला आहेत, आई दुसऱ्या. मला दोघांचीही काळजी खरी वाटते आणि दोघांचेही उत्तर चुकीचे वाटते. क्लोझापिन एकदम तोडले तर आजार काही दिवसांतच जोराने उलटू शकतो, शिवाय मळमळ, घाम, अस्वस्थता असे त्रास होतात. दुसरी बाजू अशी की आहे ती मात्रा आहे तशीच चालू ठेवणे म्हणजे साचत चाललेल्या औषधात रोज भर घालणे. मधला मार्ग मात्रा कमी करण्याचा आहे आणि तो आकडा डॉक्टरांनीच ठरवायचा आहे. तोवर तुमच्यासाठी नियम असा ठेवा की दादा नीट जागे होत नसतील तर पुढची गोळी देऊ नका, पण गोळी न देणे हा उपचार समजू नका, त्याच वेळी त्यांना रुग्णालयात न्या. आणि कोणत्याही कारणाने दोन दिवसांहून अधिक खंड पडला, तर जुनी मात्रा पुन्हा सुरू करायची नाही. शरीराची सवय मोडलेली असते आणि तीच मात्रा रक्तदाब पाडून, हृदयावर ताण आणून जिवावर बेतू शकते. अशा वेळी साडेबारा मिलिग्रॅमपासून नव्याने चढत जावे लागते. ‘आठ दिवस बंद ठेवून बघू, नाहीतर परत देऊ,’ हा घरोघरी दिला जाणारा सल्ला क्लोझापिनच्या बाबतीत म्हणूनच घातक आहे.

तुमच्या हातून हे घडले, असे तुम्ही म्हणता. घडले ते दोन हातांनी औषध देण्याच्या पद्धतीतून. दिवसांचे कप्पे असलेली डबी आणा, ती कोणी एकानेच भरावी आणि गोळी दिली की भिंतीवरच्या कॅलेंडरवर वेळ लिहावी. पण पत्रातील ज्या वाक्यापाशी मी सर्वांत जास्त थांबलो, ते दादांचे आहे: ‘झाल्या माझ्या गोळ्या.’ त्या रात्री घरात खरी माहिती एकट्या त्यांच्याकडे होती आणि त्यांनी ती सांगितली होती. आजारी माणूस विसरतो, संशय घेतो, भलतेच बोलतो, हे अनेक वर्षे अनुभवल्यावर त्याच्या प्रत्येक बोलण्याला आजाराचा रंग दिसू लागतो, आणि यात तुमचा दोष काढण्याचा माझा हेतू नाही. तरीही औषधाचे दुष्परिणाम आधी त्या अंगाला कळतात. पाय जड आहेत, नजर धूसर होते, बसवत नाही, असे ते म्हणाले तर ते आजाराचे बोलणे समजण्याआधी औषधाचे असू शकते, असे धरून चला. शंका असेल त्या रात्री एक मात्रा चुकली तरी बिघडत नाही. दुप्पट गेली तर काय होते, ते तुम्ही पाहिले आहे.

या गटातील इतर औषधे घेणाऱ्या घरांसाठीही काही सांगायला हवे, कारण सगळ्यांचे चित्र एकसारखे नसते. हॅलोपेरिडॉल किंवा रिस्पेरिडोन सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर, विशेषतः तरुण मुलांमध्ये, काही तासांत ते चार-पाच दिवसांत मान एका बाजूला पिळवटते, डोळे वर जाऊन तिथेच अडकतात, जीभ बाहेर येते, जबडा आवळतो. शुद्ध मात्र शाबूत असते, त्यामुळे मूल विलक्षण घाबरते. हे पाहून बाहेरची बाधा समजून अंगारे लावत बसलेली घरे आजही आहेत. हे स्नायूंचे आखडणे, म्हणजे औषधाचाच परिणाम असतो आणि योग्य इंजेक्शनने तो बहुधा अर्ध्या तासात सुटतो. घसा आवळल्यासारखा वाटून श्वास अडत असेल तर ती तातडी आहे. चक्कर आणि उलटीसाठी दिल्या जाणाऱ्या स्टेमेटिल आणि पेरिनॉर्म या गोळ्यांनीही हेच होऊ शकते, त्यामुळे मनोविकार नसलेल्या घरांनीही हे लक्षात ठेवावे. याउलट, याच रुग्णांना कंप कमी करण्यासाठी दिली जाणारी पॅसिटेन जास्त गेली तर तोंड कोरडे पडते, कातडी तापते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, लघवी तुंबते आणि माणूस हवेत काहीतरी वेचत असंबद्ध बोलू लागतो. त्याला ‘आजार वाढला’ म्हणून आणखी औषध देणे ही मोठी चूक ठरते.

सर्वांत कमी आढळणारी आणि सर्वांत धोकादायक अवस्था वेगळीच आहे. अंग लाकडासारखे ताठ होते, ताप चढतो, घामाच्या धारा लागतात, नाडी आणि रक्तदाब वरखाली होतात, माणूस भांबावतो किंवा गप्प होतो. हे नेहमीच्या मात्रेवरही होऊ शकते, बहुधा औषध सुरू केल्यानंतर किंवा वाढवल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत, आणि उन्हात काम करून शरीरातले पाणी कमी झाले असेल तर धोका वाढतो. ताप आणि ताठरपणा एकत्र दिसले की पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहायची नाही. पुढची मात्रा थांबवून थेट अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात जायचे. आणि घरात लहान मूल असेल तर ही सगळी औषधे कुलपात ठेवा. मोठ्या माणसाची एखादी गोळीही लहानग्याला खोल गुंगीत नेऊ शकते.

शेवटी विडीकडे. दादांना तलफ येईल, आणि ‘विडी सुरू केली की पातळी खाली येईल’ असा हिशोबही कोणाच्या मनात येईल. तसे करू नका. विडी सुटली हे त्यांच्या फुफ्फुसांसाठी उत्तम झाले आहे, उतरायला हवी ती गोळीची मात्रा. मात्र मात्रा कमी झाल्यानंतर त्यांनी लपून पुन्हा विडी धरली, तर पातळी घसरून आजार उलटू शकतो, म्हणून ओरडा न करता त्यांना सांगा की ओढलीस तर आम्हाला कळव, डॉक्टरांना सांगावे लागेल. डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर विडी बंद झाल्याची तारीख, रुग्णालयात दिलेल्या प्रतिजैविकांची नावे, पहिला झटका कधी आला, पडले कधी, त्या रात्रीच्या दोन्ही मात्रांच्या वेळा आणि शौचाची स्थिती लिहा. हृदयाचा आलेख आणि क्लोझापिनची पातळी काढता येईल का, ते विचारा. तुमच्या डॉक्टरांची वेळ मिळतच नसेल तर जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार बाह्यरुग्ण विभागात हाच कागद आणि सगळ्या स्ट्रिप घेऊन जा.